रोहित, वारकरी आणि पिवळा दगड

माझ्या मेहुण्याने कॅमेरा हप्त्यावर घेतला आणि हप्ते फिटायच्या आत त्याची हौस फिटली. मग तो कॅमेरा "जरा तुमच्याकडे राहू दे" या सबबीखाली आमच्या कपाटात आला. सोबत दोन किलोंची लेन्स होती. ती पाहून ही म्हणाली, "हिच्यात दाण्याचं कूट छान होईल."

मी मात्र जिद्दीने घरातच सराव सुरू केला. पहिलं सावज ट्यूबलाइटच्या मागची पाल. ज्याचा फोटो काढायचा त्याची थोडी माहिती वाचायची, असा नेम मी घालून घेतला होता. त्यामुळे पालीला मिटता येतील अशा पापण्याच नसतात आणि ती स्वतःचे डोळे जिभेने चाटून साफ करते, हे मला त्या रात्री समजलं. ही अपूर्व माहिती मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितली.

"तिचा फोटो काढू नका," ही म्हणाली. "तिला काढा."

तेव्हा लक्षात आलं की या कलेला घराबाहेर जागा शोधली पाहिजे. फेब्रुवारी होता, उजनीचं पाणी उतरू लागलं होतं आणि भिगवणला फ्लेमिंगो आले होते. पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. ही येते म्हणाली, कारण भिगवणचे मासे.

पहाटे साडेचारला निघालो. मांडीवर मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश', गळ्यात कूटयंत्र. यवत, चौफुला, पाटस मागे पडलं. कुरकुंभच्या पुढे उजाडलं आणि मला रस्त्याकडेला एक मैलाचा दगड दिसला. वर पिवळा, खाली पांढरा, त्यावर कोवळं ऊन. गाडी थांबवली. आयुष्यभर हे दगड पाहत आलो, पण त्यांच्या टोप्यांचा रंग उगाच नसतो हे हल्लीच वाचलं होतं. पिवळी टोपी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवी म्हणजे राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे गावाकडचा रस्ता. आपला हा पुणे-सोलापूर रस्ता पुढे हैदराबादवरून थेट मछलीपट्टणमच्या समुद्राला भिडतो, म्हणून टोपी पिवळी. मी गुडघ्यावर बसलो, एक डोळा मिटला, लेन्स दगडावर रोखली. मग उठून चार पावलं मागे गेलो, पुन्हा बसलो. मग डावीकडून एक, उजवीकडून एक.

पाचव्या फोटोला लेन्समध्ये एक धोतर आलं.

"सायेब, मोजणी हाय का?"

मी मान वर केली. एक आजोबा, एक मोटारसायकलवाला, आणि दुधाची किटली घेतलेला एक पोरगा. मी म्हणालो, "नाही हो, सहज फोटो काढतोय."

"दगडाचा?" मोटारसायकलवाल्याने विचारलं. त्या एका शब्दात माझ्याबद्दलचा सगळा संशय होता. मोठा कॅमेरा घेऊन पहाटे सहज दगडाचा फोटो काढणारा माणूस कोणत्याही तालुक्यात आजवर झालेला नाही.

"रुंदीकरण हाय म्हना की," आजोबा म्हणाले. "किती जातंय? हिकडनं का तिकडनं?"

मी टोप्यांचे रंग समजावून सांगितले. तिघांनीही ते शांतपणे ऐकून घेतलं. त्यामुळे मी सरकारी माणूस आहे याबद्दल उरलीसुरली शंकाही फिटली, कारण इतकी निरुपयोगी माहिती पगार घेतल्याशिवाय कोण देणार? आजोबांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा काढला. गट नंबर सांगितला. बांधावर चार आंबे आहेत, विहिरीला बारमाही पाणी आहे, ती मोबदल्यात धरा म्हणाले. तोवर आणखी दोघे जण आले. त्यातल्या एकाने माझ्यासाठी चहा सांगितला. ही गाडीतून उतरून म्हणाली, "अहो, उठा आता, नाहीतर दुपारपर्यंत निवाडा जाहीर करावा लागेल."

चहा मात्र उत्तम होता. निघताना आजोबांनी माझा फोन नंबर मागितला. आणि मी तो दिला. त्या क्षणी नाही म्हणायला धीर झाला नाही, एवढंच.

डांबरी सोडून आत वळलो तिथे एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची जुनी घरटी लोंबत होती. चार पूर्ण आणि सहा-सात अर्धवट, शिरस्त्राणासारखी उघडी. ती का अर्धवट असतात याची गोष्ट मला फार आवडते. घरटं विणतो नर. अर्धं झालं की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडलं तर नर ते पुरं करतो, नाही पडलं तर तसंच टाकून दुसरं विणायला घेतो. म्हणजे बांधकाम सगळं त्याचं, आणि मराठीत नाव काय तर सुगरण! बहिणाबाईंपासून आपण सगळं श्रेय तिलाच देत आलो.

हे मी हिला जरा आवेशाने सांगितलं. ती अर्धवट घरट्यांकडे बघून म्हणाली, "अन् बाल्कनीचं गळणारं पाणी तीन वर्षं तसंच आहे." मी फोटो काढला. हलला.

कुंभारगावच्या काठावर होडी ठरवली. नावाडी तिशीतला, डोक्यावर क्रिकेटची टोपी, गळ्यात दुर्बीण. परंपरेने मासेमारी करणारं घर, पण आता हिवाळ्यात पक्षी दाखवण्यावरच भर. मराठीत बोलायचं ठरवून मी विचारलं, "काय दादा, रोहित किती आहेत?"

"कुठला रोहित?" तो म्हणाला. "आमच्या आळीतच तीन हायत."

मी पक्षिकोशावर बोट ठेवलं. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. त्याने चित्र नीट पाहिलं. "हां, ग्रेटर फ्लेमिंगो," तो म्हणाला. "तसं सांगा की. लेसर आपल्याकडं कमी." आणि वल्हं पाण्यात टाकलं. पुढचा तासभर हाच प्रकार चालला. मी म्हणायचो चित्रबलाक, तो म्हणायचा पेंटेड स्टॉर्क. मी म्हणायचो शेकाट्या, तो म्हणायचा ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट. पुण्याचा माणूस पुस्तकातलं मराठी बोलत होता आणि इंदापूर तालुक्यातला माणूस त्याचं इंग्रजीत भाषांतर करत होता.

एका पक्ष्यावर मात्र आमचं एकमत झालं. काळाकुट्ट, गुबगुबीत, कपाळावर पांढरं गंध. शेकडोंनी पाण्यावर पसरलेला. इंग्रजीत कूट (पुन्हा कूट!), आणि मराठीत वारकरी. ज्याने हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. त्याला बदकासारखे पडद्याचे पाय नसतात. प्रत्येक बोटाला वेगवेगळी पाळी असते, पाण्यात फाकणारी. उडायचं तर आधी पाण्यावरून थपथप पळत जावं लागतं. दिंडीला उशिरा निघालेल्या माणसासारखं. आणि ठिकाण पाहा: हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, वारीच्या वेळी तिथे पाणी सोडतात ते याच उजनीतून. म्हणजे हे वारकरी विठोबाच्या पाण्याच्या टाकीत मुक्कामाला! मी हे हिला सांगायला तोंड उघडलं आणि पुढचे चाळीस वारकरी थपथपत निघून गेले. फोटोत चाळीस फेसाळ रेघा आल्या.

"सर," नावाडी म्हणाला, "तुमी बोललात की उडत्यात."

पुढे वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता, गच्चीवर वाळत घातलेल्या रेनकोटासारखा. पाण्यात बुडी मारून जगणारा हा प्राणी, आणि त्याची पिसं चांगली भिजतात. भिजली की अंगाला तरंगू न देता खाली जायला मदत होते, पण वर आल्यावर मग असं वाळत बसावं लागतं. तो इतका निवांत होता की फोटो चक्क स्पष्ट आला. मी गप्प होतो.

मग नावाड्याने वल्हं थांबवलं, बोटाने दाखवलं, आणि समोर पाण्यावर एक लांबच लांब फिक्कट गुलाबी पट्टा दिसला. दीड-दोनशे असावेत. बदकांच्या कलकलाटासारखा आवाज येत होता. बांबूच्या रेट्याने होडी हळूहळू जवळ सरकली, तशी एकेक मान सुटी दिसू लागली. डोकं पूर्ण उलटं करून चोच पाण्यात, पायांनी चिखल तुडवणं चालू. वरची चोच खाली आणि खालची वर. आत जीभ पंपासारखी पाणी ओढते आणि बाहेर टाकते, चोचीच्या कडेच्या चाळणीत शेवाळ आणि बारीक जीव अडकतात. गुलाबी रंगही त्यांचा स्वतःचा नाही, या खाण्यातूनच येतो. पिल्लू तर राखाडी असतं. आणि उलटा वाकणारा जो गुडघा दिसतो तो गुडघा नाहीच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत.

यातलं मी काही बोललो नाही. ओठ घट्ट मिटून कॅमेरा लावला. एका पायावर उभा असलेला एक चौकटीत घेतला. पण त्याच्याबद्दलची जी गोष्ट मला ठाऊक होती ती काही पोटात राहीना. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं की मेलेला फ्लेमिंगो एका पायावर उभा करता येतो, दोन पायांवर नाही. सांध्यांची ठेवणच अशी की एका पायावर भार आला की ते आपोआप अडकून बसतात, स्नायूंना काम नको. आपण समजतो तपश्चर्या, आणि तो विश्रांती घेत असतो. मी हिच्या कानात अगदी हळू म्हणालो, "अगं, मेलेला फ्लेमिंगो..."

"कुठे?" ही ओरडली.

दीडशे फ्लेमिंगो पाण्यावरून धावत उठले. पंखांच्या आतला तो लाल रंग आणि त्याला काळी किनार एकदम उघडी झाली, सगळ्या आभाळभर. दहा सेकंद असतील. मी कॅमेरा खाली धरून तोंड उघडं टाकून बघत होतो. नावाडीही बघत होता, आणि तो रोज बघतो.

पट्टकादंब तेवढे राहिले होते. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेले हंस. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. पाठीवर यंत्रं बांधून मागोवा घेतला तेव्हा सात हजार मीटरच्या वर उडताना ते सापडले आहेत. तिथल्या विरळ हवेतूनही त्यांचं रक्त प्राणवायू ओढून घेतं. आणि इथे ते एका शेताच्या कडेला हरभऱ्याच्या शेंड्यांकडे बघत उभे होते. हिमालय ओलांडायचा तो यासाठी.

परतताना मधल्या रुंद पाण्यात नावाड्याने वल्हं वर घेतलं. "आता आपण आमच्या गावावर हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, गावाबद्दल काही सांगतोय. त्याने बोट खाली केलं. "हितं. खाली. आज्ज्याची हीर हितंच हुती, तिच्या कडंला चिंच."

धरण १९८० साली पुरं झालं. तेव्हा हा जन्मलाही नव्हता. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं, ते लोक बघायला जातात. विहीर बाहेर आली तरी कोण बघणार? मी पाण्यात वाकून पाहिलं. मातकट पाणी, दुसरं काही नाही. सकाळी शिकलेला शब्द तोंडात आला म्हणून विचारलं, "मोबदला?"

"त्ये ऱ्हाऊ द्या सर," तो म्हणाला. "तिकडं बगा, ऑस्प्रे."

ऑस्प्रे खरोखरच होता, मासा पायात धरून चालला होता. मी फोटो काढला तो पाण्याचा.

जेवायला ताटात चिलापी आली, तव्यावर रव्यात तळलेली, सोबत लालभडक कालवण आणि ज्वारीची भाकरी. हा मासा इथला नव्हेच, आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला आणि तो सगळीकडे पसरला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही सुरुवातीला आईच्या तोंडातच राहतात, धोका दिसला की पळत आत. हे मी हिच्या दुसऱ्या घासाला सांगितलं. ही घास हातात धरून थांबली. मग तिची चिलापी मी खाल्ली. माहितीचा असा प्रत्यक्ष फायदा त्या दिवसात एवढाच झाला.

घरी येऊन फोटो मोजले, नऊशे बारा. त्यात फ्लेमिंगोंच्या शेपट्या दोनशे, कोरं आभाळ शंभरेक, माझा स्वतःचा अंगठा सोळा वेळा. मेहुण्याने सगळे पाहिले आणि तीन ठेवायला सांगितले: पाणकावळा, मैलाचा दगड, आणि मातकट पाण्याचा एक, ज्यात काय आहे ते त्याला समजलं नाही. मी सांगितलंही नाही.

त्या आजोबांचा मात्र दर सोमवारी फोन येतो. "सायेब, नकाशा आला का?" मी प्रत्येक वेळी खरं सांगतो आणि ते प्रत्येक वेळी म्हणतात, "आसूं द्या, आत्ता सांगायची परवानगी नसंल." तेव्हा तुमच्यापैकी कोणी कुरकुंभच्या पुढे चहाला थांबलंच, तर एवढं सांगा: पिवळ्या दगडाचा फोटो काढणारा तो माणूस सरकारी नव्हता. विहीर चांगली आहे, आंबेही चांगले आहेत, पण ते धरणं त्याच्या हातात नाही.