मॉइश्चर किती?

वाशिमच्या वाइन शॉपात जाऊन वाइन मागितली की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग वर बघतो. व्हिस्की-रम हाताशी, बिअर फ्रिजमध्ये, आणि ज्या मालाचं नाव पाटीवर ठळक रंगवलंय तो पत्र्याखालच्या शेवटच्या फळीवर. पोरगं स्टुलावर चढतं, बाटली फडक्यानं पुसतं आणि खाली देताना विचारतं, "हीच ना सर?" वाइन अंधारात, आडवी, बारा-चौदा अंशांच्या गारव्यात ठेवावी असं शास्त्र आहे. इथं ती उभी, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढं. असा एक उन्हाळा काढलेली बाटली नाशिकची राहत नाही, वाशिमची रहिवासी होते. म्हणून आम्ही वाइन घ्यायची ती दिवाळीनंतर, नव्या पेटीतली. तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, हवा गार असते आणि लोकांच्या खिशात थोडेफार पैसे असतात.

बाटली काउंटरवर आली की पोरगं न सांगता ती वर्तमानपत्रात गुंडाळतं आणि वरून काळी पिशवी चढवतं. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 साली आली, पण गावोगावच्या लाजेची सगळी खरेदी ज्या काळ्या पिशवीतून घरी जाते, ती काही हटली नाही. मला मात्र या गुंडाळण्याचं अतोनात कौतुक आहे. वाइनची खरी परीक्षा लेबल झाकूनच घ्यावी असं जाणकार सांगतात, आणि परदेशात त्यासाठी कापडी पिशव्या शिवून घेतात. आमच्याकडे ती सोय दुकानातून घरपोच, वर स्थानिक बातम्याही. 1976 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्यानं अशीच नावं झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. तांबडीत आणि पांढरीत, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. नावं उघडी असती तर फ्रान्सची लाज राहिली असती.

आमच्या घरात हा उद्योग आणला माझ्या मेव्हण्यानं. तो नाशिकला असतो, आणि नाशिकला राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचा अभिमान असतो, एक गोदावरी आणि दुसरी वाइन. गंगापूर धरणाच्या काठी राजीव सामंतांनी गवताळ माळावर द्राक्षं लावली, 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, 2001 साली सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, हा इतिहास तो जेवताना सांगतो. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुल्यांनी नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन करून परदेशात विकली होती, हे मी मधे घातलं की तो भात कालवायला लागतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्याचं येणं वाढलंय. रस्ता आमच्या जिल्ह्यात मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा असा जातो. त्यामुळे पाहुण्याला "लांब पडतं" ही सबब उरली नाही आणि आम्हालाही.

त्याचं म्हणणं, महागडी वाइन चांगली असते यात काय मोठंसं, सातशे रुपयांच्या आतली चांगली शोधणं हे काम. तसं त्यानं ठरवलं. परीक्षक मंडळ घरातलंच: मी मास्तर, म्हणजे गुण द्यायला जन्मलेला, शेजारचे गणिताचे सर, ही, जिचं मत शेवटी घरात चालतं, आणि माझे मामा. मामांनी उभा जन्म बाजार समितीत एका अडत दुकानावर काढला. वाइन त्यांनी कधी घेतलेली नव्हती. पण वाशिम जिल्ह्यात चव घेऊन किंमत सांगणारा त्यांच्याइतका अनुभवी माणूस मिळणं कठीण. सोयाबीनच्या ढिगात हात कोपरापर्यंत घालायचा, तळचा मूठभर माल काढायचा, दोन दाणे दाढेखाली धरायचे. कट्‌कन वाजला तर माल वाळलेला, दबला तर ओलावा. मॉइश्चर मीटर नंतर आलं. मामा मीटरच्या आधी आकडा सांगायचे आणि मग शेतकरी नि व्यापारी दोघंही मीटरकडे संशयानं बघायचे.

त्यांच्या पुढ्यात पहिला ग्लास ठेवला. मेव्हण्यानं तो कसा तिरका धरायचा, पांढऱ्या कागदावर रंग कसा बघायचा, कसा फिरवायचा, नाक कुठवर न्यायचं, हे सगळं करून दाखवलं. मामांनी शांतपणे बघितलं.

"काय हुंगून राह्यले बापा एवढं," ते म्हणाले, "मॉइश्चर किती हाय ते सांगा."

आता गुण कसे द्यायचे हा प्रश्न. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठानं वीस गुणांची पद्धत काढली होती. रंगाला इतके, वासाला इतके, अशी आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेची तऱ्हा. नंतर रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकानं शंभर गुणांची पद्धत रूढ केली, आणि सगळं जग तिच्यावर चालायला लागलं. मात्र पार्करसाहेबांचे गुण पन्नासापासून सुरू होतात. बाटली नुसती हजर राहिली तरी पन्नास! आमच्या दहावीत पस्तिसाला पास करतात म्हणून शहाणी माणसं अग्रलेख लिहितात, इकडे कोऱ्या उत्तरपत्रिकेला पन्नास. मला ही पद्धत मनापासून आवडली. गणिताच्या सरांना ती शून्याचा अपमान वाटली.

वासाचं प्रकरण अधिक अवघड निघालं. डेव्हिसच्याच अ‍ॅन नोबल यांनी 1984 मध्ये वाइनच्या वासांचं एक चक्र प्रसिद्ध केलं. मेव्हण्यानं त्याचं चित्र छापून आणलं होतं. त्यात ब्लॅककरंट होतं, जे आमच्यापैकी कुणी झाडावर काय, ताटातही पाहिलं नव्हतं. मग त्यानं सांगितलं, तुम्हाला जे आठवेल ते लिहा. त्यानंतर मात्र कागद भराभर भरले. पांढऱ्या एका बाटलीत हिला पिकायला टाकलेलं सीताफळ सापडलं आणि सरांना कच्च्या पेरूची साल. तांबडीत मला आधी जांभूळ लागलं, मग तोंड कोरडं झालं, जसं कवठ जास्त खाल्ल्यावर होतं. या कोरडेपणाला ते लोक टॅनिन म्हणतात आणि ते कळायला शिकावं लागतं असं मेव्हणा म्हणाला. आम्हाला कशाला शिकायचं? हिरडा चघळलेल्या, सुपारी फोडलेल्या तोंडांना तुरट सांगावं लागत नाही. आयुर्वेदानं ते सहा रसांत बसवून ठेवलेलंच आहे. एका बाटलीला मामांनी "ओल्या बारदान्याचा वास" असा शेरा दिला. मेव्हणा चमकला. बुचाला एक बुरशीजन्य दोष लागतो, त्याची खूण पुस्तकात ओलसर पुठ्ठा किंवा ओलं गोणपाट अशीच दिलेली असते. पुस्तक न वाचता मामांनी माल रिजेक्ट केला होता.

एवढ्यात आत्या आली. आत्या आमच्याकडेच असते, तिला सगळ्याचा वास लागतो, आणि तिच्यापुढे काळी पिशवी काही उपयोगाची नाही. तिनं ग्लास उचलून नाकाशी नेला.

"हे तर माझं औषध आहे. तुम्ही कशाला घेऊन बसलात?"

तिच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असते. जेवणानंतर दोन चमचे, बरोबरीनं पाणी घालून. मनुका, गूळ, धायटीची फुलं, आणि मग बरणी तोंड बांधून ठेवायची. धायटीच्या फुलांनी ते आंबतं. त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं हे बाटलीवर छापलेलंही असतं, पण बारीक अक्षरात, आणि आत्याचा चष्मा नेमका तेव्हा सापडत नाही. ती आजन्म माळकरी. तिला हे कोण सांगणार? मी तर नाही. मेव्हण्यानं मात्र दुसऱ्या फेरीत गुपचूप द्राक्षासव ओळीत ठेवलं. गोडी भरपूर, मसाला भरपूर, शेवट लांब. सरांनी त्याला पार्करच्या हिशेबानं एकोणनव्वद दिले आणि कुठल्या गावची म्हणून विचारलं.

"आपल्यात हे कधी नव्हतं," आत्या म्हणाली. त्यावर सर उठून बसले. त्यांचा जीव गणितात कमी आणि वत्सगुल्मात जास्त. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा हरिषेण पाचव्या शतकातला, आणि अजिंठ्याचं पहिलं लेणं त्याच्याच आश्रयानं झालं असं वॉल्टर स्पिंक यांचं मत. त्या लेण्याच्या छतावर दाढीवाला परदेशी पाहुणा हातात पेला घेऊन बसलेला रंगवलाय. "आपल्या वाशिमच्या राजानं काढून घेतलंय ते चित्र," सर म्हणाले. आत्यानं विचारलं, "पेल्यात काय आहे?" चित्रात ते दिसत नाही. "मग औषध असेल," आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकघरात खरी परीक्षा व्हायची होती. जाणकार वाइनबरोबर चीज मांडतात. हिनं मांडलं वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पाटवडीचा रस्सा, वर बोटभर तर्री. तांबडी वाइन ठेच्यापुढे एक मिनिट टिकली नाही. अल्कोहोलनं मिरची शमत नाही, उलट पेटते. त्यात तुरटपणा आला की जीभ दोन्ही बाजूंनी सोलून निघते. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वत्सगुल्माच्या नावे खपवलं. पांढरी, थोडी गोडसर शेनिन ब्लाँ मात्र तर्रीशी बोलून-चालून राहिली. ही शेनिन मूळची फ्रान्सची, पण नाशिकला अशी रुळली की पहिल्यांदा वाइन घेणाऱ्याला बहुतेक तीच हातात मिळते. तापमानाचंही तसंच. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमच्या बैठकीत ते तापमान फक्त डिसेंबरच्या रात्री येतं. बाकी वर्षभर तांबडीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, लाजू नये.

रॉबर्ट हॉजसन म्हणून एक निवृत्त समुद्रशास्त्राचे प्राध्यापक कॅलिफोर्नियात छोटी वायनरी चालवायचे. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसरीत काहीच नाही, हे बघून त्यांना शंका आली. त्यांनी राज्याच्या मेळ्यातल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीन वेळा पाजली. 2008 मध्ये निष्कर्ष छापले: तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहात एखादा. हे वाचल्यावर आम्हीही तो प्रयोग केला. सरांचे तीन आकडे इतके लांब पडले की त्यांनी सरासरी काढायला घेतली. मामांनी दुसऱ्यांदा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"हा आताचाच माल हाय. कट्टा बदलला म्हून काय झालं?"

बाजारात परतवलेला माल पोतं बदलून पुन्हा हर्रासात आणणारे त्यांनी उभं आयुष्य पकडले होते.

फक्त एक अडचण होती. मामा गुण बोलून दाखवत नसत. बोलले की बाकीचे त्यांच्या मागं जात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकत आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगत. रुमालाखालचा हा सौदा बाजार समितीत कायद्यानं केव्हाच बंद झाला. उघड बोली आली. आमच्या बैठकीत तो पुन्हा सुरू झाला. मीही मग ही, सर, मेव्हणा, सगळ्यांचे गुण दुपट्ट्याखालीच घेऊ लागलो. कुणाचं कुणाला कळत नाही. एक बोट म्हणजे दहा की शंभर, यावरून थोडी भांडणं झाली, ती बाजार समितीतही होत.

2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. अण्णा हजारे उपोषणाला निघाले आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही. आमच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली ती एवढीच, की तेल-साखरेच्या शेजारी वाइन असती तर काळी पिशवी मिळाली नसती, आणि मग नावं कशी झाकायची?

एकदा मेव्हण्यानं खोडी काढली. सातशेच्या ओळीत दोन हजारांची एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून सरकवली. सरांना ती मधली वाटली. हिनं बरी म्हटली. मामांनी बराच वेळ तोंडात धरली, दुपट्टा टाकला आणि चांगला भाव दाबला. मेव्हणा खूश. त्यानं कागद फाडला आणि किंमत सांगितली.

मामा गप्प झाले. हिशेब चालू होता. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, पण त्या भावानं घ्यायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. पुढं नोव्हेंबरात सरकारनं पंधरा टक्क्यांपर्यंत सूट दिली, म्हणजे ग्रेसचे तीन मार्क. बाजारात तर त्याहून कमीच मिळत होता.

"हमीभावानं चाळीस किलो," ते म्हणाले. "अन् आपल्या बाजारात इकलं त पुरा कट्टा. एका बाटलीत पुरा कट्टा!"

"मामा, पण चव?"

"चव चांगली हाय ना. म्या कुठं नाही म्हटलं? पन शेतकऱ्यानं कट्टा पिकवाले किती घाम गाळला, अन् तुमी तो जेवणाआधी संपवला."

तेव्हापासून आमच्या घरी पार्करची पद्धत बंद आहे. मेव्हणा फोन करतो, नव्या बाटलीचं वर्णन करतो, वास, रंग, शेवट सगळं सांगतो. ही ऐकून घेते आणि विचारते, "किती किलोची?" चौदा किलोच्या आत असेल तर आणायला सांगते.