झिजलेल्या दगडाचा वाली

धार लावायचा दगड झिजतो याबद्दल माझी तक्रार नाही. झिजणं हे त्याचं कामच आहे. पाण्यावर चालणाऱ्या दगडाचे बोथट कण सुटतात, खालचे ताजे वर येतात, म्हणून तर पातं झरझर लागतं. तक्रार आहे ती झिजलेल्या दगडाला कुणी वाली नसतो याची. 25 मिलिमीटरचा दगड 10 मिलिमीटरवर आला की तो कचऱ्यात जातो. खरं तर शेवटच्या मिलिमीटरमधला कण पहिल्याइतकाच कठीण असतो. सुताराच्या पेटीतला काळा कार्बोरंडम घ्या. 1891 साली एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत हा पदार्थ तयार केला. तो अत्यंत कठीण असतो आणि दगड पातळ झाला म्हणून मऊ पडत नाही. अडचण दगडात नसतेच, ती त्याच्या खाली असते.

जाड दगड स्वतःच्या वजनाने बसतो, पातळ बसत नाही. सुरी आडवी धरून पुढे लोटली की बोटांची पेरं ओट्यावर घासतात. खाली ओलं फडकं घातलं तर चार हातांत त्याचा बोळा होतो. रबरी जबड्यांचं स्टँड आणावं, तर ते जाड दगडाच्या मापाचं असतं. पातळ दगड जबड्यांच्या खाली जातो आणि इतका वेळ लावलेली धार जबड्याच्या कडेला लागून एका क्षणात जाते. त्यात दगडाचं बूड सपाट नसेल तर मध्यभागी आधार राहत नाही. पटाशीवर जरा जोर दिला की दगड मधोमध तडकतो. या सगळ्या गोष्टी क्षुल्लक आहेत हे मला मान्य आहे. पण दगड फुकट जातो तो याच क्षुल्लक गोष्टींपायी.

दगडाखाली घालायच्या बैठका बाजारात मिळतात. बहुतेक बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या असतात. पावसाळाभर वापरल्या की सांधे उकलतात, कडा काळ्या पडतात, बैठक फुगून वाकते आणि तिच्यावरचा दगड डुगडुगायला लागतो. ज्या वस्तूचा जन्म पाण्यात काम करण्यासाठी आहे, तिची बैठक पाण्याने फुगावी हे मला पटत नाही. दुकानात विचारावं तर उत्तर ठरलेलं: “काका, नवीनच घ्या की. एवढ्याशा दगडाला कशाला बैठक?”

बैठक घरीच करावी म्हटलं, तर प्लायवूडच्या दुकानातही वेगळी गंमत नाही. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून हातात पडणारा तुकडा पुष्कळदा साधा एमआर प्रतीचा असतो. ती प्रत हवेतला ओलावा सोसते, पाणी नाही. सतत ओलं राहणाऱ्या कामासाठी आयएस 710 चं मरीन प्लाय आहे. त्याचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटू नयेत, अशी त्याची कसोटी असते. तो शिक्का बघूनच तुकडा घ्यावा, आणि तरीही कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात, कारण पाणी कडेनेच आत शिरतं. साग टिकतो, पण तो तेलकट असतो, त्यामुळे थिनरने पुसल्याशिवाय चिकटवू नये. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद इथे उपयोगाचा नाही, तो पाण्याने मऊ पडतो.

जपानमध्ये हे शहाणपण जुनं आहे. तिथले नैसर्गिक दगड थराथरांचे असतात. थरांत पाणी शिरून ते फुटू नयेत म्हणून कारागीर त्यांच्या बाजूंना लॅकरचा हात देतात आणि पातळ झालेला दगड लाकडी बैठकीवर बसवतात. दगडाचा शेवटचा पापुद्रा संपेपर्यंत तो कामात राहतो. आपल्याकडेही जुने सुतार दगड लाकडात खाच कोरून बसवत आले आहेत. मग दुकानदाराला ही गोष्ट नवी का वाटावी?

मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती कडप्प्याची बैठक. ओटे घडवणाऱ्यांकडे कडप्प्याचे वा ग्रॅनाइटचे तुकडे पडून असतात आणि मागितले तर सहसा मिळतात. हा दगड फुगत नाही, वाकत नाही, आणि वजनामुळे जागचा हलत नाही. आपल्या दगडापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा तुकडा कापून घ्यावा. धारेच्या दगडाचं बूड जाड काचेवर पसरलेल्या वॉटर पेपरवर घासून सपाट करावं. मग दगड सावलीत काही दिवस पूर्ण वाळू द्यावा. उन्हात ठेवू नये, तडकतो. वर्षानुवर्षं रॉकेल आणि तेल प्यायलेला दगड मात्र आधी तेल काढल्याखेरीज चिकटणार नाही. कडप्प्याच्या खरबरीत बाजूला दोन नळ्यांचं इपॉक्सी सगळीकडे पातळ पसरावं आणि मध्यभागी पोकळी राहू देऊ नये, कारण पुढे तडा तिथेच जातो. एक दिवस हलवू नये. खाली जुन्या हवाई चपलेच्या रबराचे चार तुकडे लावले की ओट्यावर ओरखडा उठत नाही आणि बैठक घसरतही नाही. बोटं ओट्यापासून वर राहतात. काम झाल्यावर दगड बैठकीसकट उभा करून वाळवावा.

दगड विकणाऱ्यांनी नव्या दगडाबरोबर पाण्यात टिकणारी बैठक द्यावी, निदान वेगळी विकायला तरी ठेवावी. ते होईल तेव्हा होईल. तुमच्या घरात बोटभर जाडीचा दगड कुठे पडला असेल तर तो टाकू नका. तडकण्याआधी त्याच्याखाली कडप्पा बसवा. त्याच्यात अजून पुष्कळ धार शिल्लक आहे.