बॉनेटपाशीचे कानसेन

जुनी पण जोरात पळणारी गाडी घ्यायची, असं एखाद्या तिशीतल्या पोराने ठरवलं की पुण्यात त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: "एकटा जाऊ नकोस, त्यांना घेऊन जा." हे 'ते' प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतात. ते मिस्त्री नसतात. बँकेतून निवृत्त झालेले असतात, नाहीतर आयटीत मॅनेजर असतात. त्यांच्या हाताला ग्रीस लागलेलं कुणी पाहिलेलं नसतं. त्यांचं सगळं शिक्षण कानातून झालेलं असल्यामुळे त्यांना कानसेनच म्हणायला हवं.

कानसेनांची पहिली अट वेळेची. गाडी बघायची ती सकाळी सातला, आणि आदल्या रात्रीपासून ती कुणी चालू केलेली नसावी. पोचल्यावर ते नमस्कार-चमत्कारांच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवतात. पत्रा कोमट लागला तर विक्रेत्याकडे बघतात.

"सकाळी सकाळी कुठे जाऊन आलात?"

"दूध आणायला गेलो होतो, साहेब."

"दीडशे अश्वशक्तीच्या गाडीतून दूध?"

यात छळ नाही, शास्त्र आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. चावी फिरवल्यावर पंप दाब तयार करीपर्यंतचे एक-दोन सेकंद इंजिन जवळजवळ कोरडं फिरतं. टायमिंग चेन सैल पडली असेल किंवा तिचा ताण सांभाळणारा टेन्शनर दमला असेल, तर याच क्षणी खळखळ ऐकू येते. गरम इंजिनाला तो आवाज येत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या ईए-८८८ या टर्बो पेट्रोल इंजिनांच्या सुरुवातीच्या टेन्शनरने जगभर पुष्कळांना असाच घाम फोडला. चेन दाते सोडून घसरली की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि स्वस्तात मिळालेली गाडी त्या सेकंदात महाग होते. तेव्हा दूध आणणाऱ्यावर संशय घेणं अगदीच गैर नाही.

चावी फिरते. कानसेन डोळे मिटतात. इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावतात आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प बसायला सांगतात. सोसायटीतला वॉचमनही झाडू थांबवतो. झरझर बारीक टिकटिक आली तर ती इंजेक्टरची, थेट सिलिंडरात पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांना ती असायचीच. त्याहून संथ टिकटिक आली तर टॅपेट, आणि इंजिन तापल्यावर ती विरली तर माफ. पण खालून, चेंबरच्या बाजूने, जड ठोका आला आणि रेस दिल्यावर तोही वाढला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. मग कानसेन डोळे उघडून एवढंच म्हणतात, "चला, चहा घेऊ कुठेतरी."

आवाजांच्या बाबतीत माणूस खरोखर जाणकार असतो हे मान्य करायला हवं. अडचण अशी की हे सगळं ज्ञान त्यांनी नकार देण्यासाठीच कमावलेलं असतं.

२००४ च्या सुमारास भारतात आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस त्यांना दाखवली, तर ते आधी पाच मिनिटं तिच्या १.८ लिटर टर्बोचं कौतुक करतात. एका सिलिंडरला पाच वॉल्व्ह, चारांना वीस, दीडशे अश्वशक्ती! त्यानंतर तिचं वय काढतात आणि मान हलवतात. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये निघालेली, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो एकदा त्यांच्यासमोर उभी राहिली. तिच्या आवाजात काहीच सापडेना. टॅपेट नाही, चेन नाही, ठोका तर नाहीच. कानसेन अस्वस्थ झाले. शेवटी त्या पोराला बाजूला घेऊन म्हणाले, "फारच गोड वाजतेय. जाड ऑइल भरलंय." हेही निव्वळ कुभांड नव्हे. पातळ ऑइलच्या इंजिनात वीस-पन्नासचं दाट ऑइल ओतलं की झिजलेल्या भागांचे आवाज काही दिवस दबतात, हे नाना पेठेतला कुठलाही स्पेअरवाला सांगेल. पण त्या गाडीत तसं होतं का, हे कुणालाच कळलं नाही, कारण ऑइल काढून बघायला कानसेन तयार नव्हते. त्यांच्या मते ते ऐकू येत होतं.

आणि नेमकी इथेच त्यांची पंचाईत होते. ऑइल खाणारं इंजिन वाजत नाही.

ज्या आजाराला पुण्यातली जुनी लॉरा आरएस घेणारी पोरं सगळ्यात जास्त घाबरतात, तो कानाला लागतच नाही. लॉरात बसलेल्या ईए-८८८ च्या दुसऱ्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनांत पिस्टनवरची ऑइल खरवडून परत पाठवणारी रिंग बारीक होती आणि तिच्यामागची ऑइल परतायची भोकं लहान. कार्बन साचला की भोकं बुजतात, रिंग चिकटते, ऑइल सिलिंडरच्या भिंतीवर तसंच राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. आवाज नाही, धक्का नाही, ताकदही शाबूत. अमेरिकेत २००९ ते २०११ च्या ऑडी ए-४ आणि ए-५ च्या मालकांनी यावरून कोर्ट गाठलं, आणि तडजोडीत कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. खरा इलाज म्हणजे नवे पिस्टन आणि नव्या रिंगा, म्हणजेच आपल्याकडच्या भाषेत 'इंजिन काम'.

बरं, कंपनीकडे तक्रार न्यावी तर मॅन्युअल आडवं येतं. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल जाणं त्यात चालण्यासारखं मानलेलं असतं. दोन सर्व्हिसिंगमध्ये पंधरा हजार किलोमीटर धरले तर हा हिशेब साडेसात लिटरवर जातो, आणि चेंबरमध्ये मावतं जेमतेम साडेचार-पाच लिटर. याचा अर्थ, भरलेल्या ऑइलच्या दीडपट ऑइल जळलं तरी गाडी निरोगी. हा आकडा कानसेनांना तोंडपाठ असतो. त्यावर ते माझ्दाच्या आरएक्स-८ चा दाखला देतात. तिचं रोटरी इंजिन मुळातच थोडंथोडं ऑइल स्वतःहून जाळतं, सीलना वंगण मिळावं म्हणून तशी रचनाच असते. गाडी विकणारा हे भक्तिभावाने ऐकून घेतो. त्याच्याकडे आरएक्स-८ नसते.

तेव्हा ऑइलसाठी कानसेनांना कान सोडून तोंड वापरावं लागतं.

"ऑइल किती खाते?"

"साहेब, सर्व्हिसिंगला भरतात तेवढंच. मध्ये एक थेंब टाकलेला नाही."

बाजारातलं सगळ्यात अवघड वाक्य हेच. एक तर गाडी खरंच ऑइल खात नाही, नाहीतर मालकाने ऑइल मोजायची पट्टी कधी ओढून पाहिलीच नाही, आणि या दोन गाड्या उभ्या असताना हुबेहूब सारख्या दिसतात. सायलेन्सरमधली काजळीही फार मदत करत नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो गाडीत कोरडी काजळी असतेच. बोटाला चिकट, ओली लागली तरच दखल घ्यायची. मग ते पोराला गाडी चालवायला लावतात आणि स्वतः मागे वळून बसतात. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो का, हे बघायचं असतं. तोही येतोच असं नाही. हजार किलोमीटर चालवून मोजणं हा एकच भरवशाचा उपाय, आणि तेवढी ट्रायल कोण देणार?

एका लॉराच्या बाबतीत उत्तर डिकीत निघालं. डिकीतली चटई उचलल्यावर स्टेपनीच्या खळग्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक लिटरचा ऑइलचा डबा होता. झाकणाभोवती तेलकट माती, टॉवेलावर काळे डाग, डबा पाऊण रिकामा. शेजारी कापलेल्या पाण्याच्या बाटलीचं नरसाळं.

"हे?"

"आधीच्या मालकाचं असेल, साहेब."

कानसेनांनी डबा फिरवून भरल्याची तारीख वाचली. तो तीन महिन्यांपूर्वीचा होता.

अशा वेळी एखादा तरुण मेकॅनिक सुचवतो की कॉम्प्रेशन आणि लीकडाउन बघू, स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा सोडू, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे स्क्रीनवरच दिसतील. हजारो रुपये वाचवणारी साधी गोष्ट. कानसेन ती ऐकून हसतात. कॅमेऱ्याविषयी त्यांचं मत, जुन्या वैद्याचं एक्स-रेविषयी असायचं तेच आहे.

इतकं होऊनही एका पोराने, त्यांना न विचारता, एक लॉरा घेतलीच. घेण्याआधी कॅमेराही घातला. कानसेन रागावले नाहीत. उलट दर रविवारी सकाळी ते त्याच्या पार्किंगमध्ये हजर होऊ लागले. पट्टी ओढायची, कापडाने पुसायची, परत घालून काढायची आणि उजेडाकडे धरायची. हजार किलोमीटर झाले. पातळी तसूभर खाली आली नाही. पोराच्या आईने आनंदाने पोहे केले.

कानसेनांनी पोहे खाल्ले, पण चेहरा उतरलेलाच होता.

"रोज कुठवर चालवतोस?"

"ऑफिसला. कोथरूड ते डेक्कन."

"तरीच. इंजिन पुरतं तापतच नाही तुझं. न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतंय. जेवढं ऑइल जळतं तेवढं पेट्रोल मिसळतं, म्हणून पातळी हलत नाही." त्यांनी पट्टी त्याच्या नाकापुढे धरली. "घे, वास घे."

पोराने वास घेतला. आईनेही घेतला. तिला कांद्याचा आला.