वरून गिलावा, आत वाळवी

ठेकेदार साहेब,

शिरूरच्या जुन्या पेठेतली आमची दोन खणांची माडी तुम्ही विसरला असाल. काम संपलं तेव्हा भिंतीवर थाप मारून तुम्ही म्हणाला होतात, "आता पन्नास वर्षं बघायला नको." सातव्या वर्षीच बघावं लागलं.

वडिलांची सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. आता ते, आई, आम्ही दोघं आणि मुलं, सगळ्यांनी या बंद माडीत संसार मांडायचा ठरवला. विजेच्या तारांसाठी गवंड्याने छिन्नी लावली आणि तुमचा गिलावा पापुद्र्यासारखा हातात आला. मागे ओली माती आणि वाळवीची घरं. भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक बोटांनी कुस्करलं गेलं.

मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. म्हणून ती दरसाल पांढऱ्या मातीने सारवायची. तुम्ही त्या भिंतीला सिमेंटचं चिलखत चढवलंत. ओलीला बाहेर पडायची वाट उरली नाही, ती वर चढत लाकडापर्यंत पोहोचली. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, तसं घर तुम्ही आमच्या हाती दिलंत आणि पुरते पैसे मोजून घेतलेत.

छताचं तर विचारूच नका. गळती थांबवायला माळवदाची माती न काढता तिच्यावरच तीन इंच काँक्रीट ओतलंत. २० बाय १० फुटांवर ते ५० घनफूट होतं, म्हणजे जवळपास साडेतीन टन. खाली कुजत चाललेली तुळई! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जुन्या घराच्या डोक्यावरचा भार कमी करायचा असतो, हे महाराष्ट्र तेव्हा हजारो जीव देऊन शिकला. तुम्ही भार वाढवलात, आणि त्याखाली माझी मुलं झोपणार होती.

आम्ही काँक्रीट फोडलं, माती उतरवली, उन्हाळाभर भिंती उघड्या ठेवून वाळवल्या. सागाची नवी तुळई घातली, वर हलके पत्रे टाकले, भिंतींना चुन्याचा गिलावा केला. तुमच्या कामापेक्षा ते निस्तरण्याचा खर्च जास्त झाला.

साहेब, पुढच्या मातीच्या घरात पाय ठेवाल तेव्हा सिमेंटची गोणी बाहेर ठेवा. आधी ओल कुठून येते ते शोधा आणि प्रत्येक तुळईचं टोक ठोकून पाहा. जमत नसेल तर मालकाला तसं तोंडावर सांगा.

आणि शिरूर-दौंडकरांनो, जुनी माडी राहती करणार असाल तर ठेकेदाराचं दरपत्रक नंतर वाचा. तुळई त्याने तपासली का, हे आधी विचारा.

आपला,
एक घरमालक