ओला अपराध, सुका अपराध

(इंदूरचा सराफा, रात्रीचे साडेदहा. दिवसा सोनं विकणाऱ्या दुकानांची शटर खाली आली आहेत आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढल्या आहेत. बाबाच्या खांद्यावर पहिलीतला मुलगा, अर्धा झोपलेला. आईच्या एका हातात गराडूच्या तळलेल्या कंदाची प्लेट, दुसऱ्यात मोबाइल.)

बाबा: घे ना अजून. गराडू थंडीतच मिळतात.

आई: आधी सांग, आज कशाचं प्रायश्चित्त?

बाबा: प्रायश्चित्त कसलं? सहज आलो.

आई: सहज? मंगळवारी त्याला गोष्ट सांगायची राहिली, तेव्हा भुट्ट्याचा कीस. परवा कॉल लांबला, तेव्हा दहीवडा. आज थेट भलामोठा जलेबा. म्हणजे गुन्हा मोठा आहे.

बाबा: स्नेहसंमेलन हुकलं ना माझं.

आई: झाड झाला होता तो. बाकीची झाडं डुलत होती, आपलं झाड दाराकडे बघत होतं.

बाबा: म्हणून तर जलेबा घेतला.

आई: तुझं बरं आहे. तुझं सगळं रात्रीच्या तळणीत फिटतं. माझं दिवसाच्या सराफ्यात पाटल्या गहाण टाकल्या तरी फिटायचं नाही.

बाबा: पण तू तर गेली होतीस!

आई: गेले होते. शेवटच्या रांगेत, कानात हेडफोन. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मी क्लायंटला म्हणत होते, "बरोबर, पुढच्या स्लाइडवर जाऊ."

बाबा: अगं, एवढं काय मनाला लावून घेऊन राहिलीस? माझी आई म्हणते तेच खरं. अहिल्यादेवींनी अख्खं राज्य सांभाळलं.

आई: सांभाळलं. आणि त्यांच्या मुलाचं, मालेरावांचं, काय झालं?

बाबा: आता मालेराव कुठून आले?

आई: इथून. राजवाडा दोन मिनिटांवर आहे. 1766 मध्ये गादीवर बसले, 1767 मध्ये गेले. मुलगा नीट निघाला नाही म्हटलं की लोक आईकडे बघतात. बाप खंडेराव 1754 मध्येच कुंभेरीला पडले, त्यांचं सोड. पण आजोबा मल्हारराव? बारा महिने मोहिमेवर. त्यांना कुणी विचारलं, "सुभेदार, नातवाच्या अभ्यासाला कधी बसलात?"

बाबा: मोहीम म्हणजे कामच ना ते.

आई: हं. पुरुष गेला की मोहीम, बाई गेली की मुलाची आबाळ.

बाबा: तो जुना काळ झाला. आता कायदे आहेत.

आई: आहेत ना. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली. पन्नास माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. कुणाला? आईला.

बाबा: बापाला?

आई: केंद्र सरकारच्या नोकरीत असतास तर पंधरा दिवस. खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. पाळणाघराच्या दारात बाप उभा राहील, हे कायदा लिहिणाऱ्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

बाबा: मग यात माझा काय दोष?

आई: कायद्यात नाही. जलेब्यात आहे.

बाबा: बरं, आपण इंदूरवाले आहोत. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर. कचरागाडीचं गाणं वाजलं की डबे वेगळे काढतो. तसा अपराधही वेगळा करून टाकू.

आई: चल, कर. "दोघांच्या पगाराची गरजच काय" असं म्हणणारी तुझी आत्या?

बाबा: सुका. चुरगाळून टाक.

आई: शाळेच्या ग्रुपवर रोज डब्याचे फोटो टाकणारी ती आई? काल गाजराची फुलं होती.

बाबा: घरगुती घातक. तो डबा वेगळा.

आई: आणि तो आजारी असताना मी त्याला औषध पाजून, तुझ्या आईकडे देऊन ऑफिसला गेले, ते?

बाबा: ... ओला.

आई: ओला. तोच सडतो.

बाबा: सडतो कसा? देवगुराड्याला 2022 पासून बायो-सीएनजीचा कारखाना आहे. रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेण्याची ताकद त्याची. त्या गॅसवर सिटी बस धावतात.

आई: मग आपल्या ओल्यावर काय धावणार? बघ, आपला खराखुरा ओला मूठभरच आहे. बाकी सगळा दुसऱ्यांनी आपल्या दारात आणून टाकलेला. पण जो आहे तो दोघांचा, आणि तू तुझा अर्धा इथे तळून खातोस.

बाबा: काय करू, सांग.

आई: उद्या दहाला पालकसभा आहे.

बाबा: दहाला माझा रिव्ह्यू आहे.

आई: (जलेब्याकडे बघते.)

बाबा: जातो! मीच जातो. हा बघ, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला मेसेज. "उद्या मुलाच्या पालकसभेला जातोय, बाराला येतो."

आई: आलं काही उत्तर?

बाबा: पाच अंगठे, दोन हृदयं. बॉस म्हणतो, "ग्रेट डॅड!"

आई: मागच्या वेळी मी हेच टाकलं होतं. उत्तर आलं, "परत?"

बाबा: छे! एवढंच?

आई: खाली एक घड्याळाचं चित्रही होतं.

मुलगा: (खांद्यावरून, डोळे न उघडता) बाबा, तुम्ही आलात तर बाईंना सांगा, मला पुढच्या वर्षी झाड नको.

बाबा: मग काय व्हायचंय?

मुलगा: वादळ. वादळ आत-बाहेर जातं. दारात जाऊन बघता येतं कोण आलं ते.

(बाबा जलेब्याचा तुकडा प्लेटमध्ये परत ठेवतो.)

आई: थांब, शाळेच्या ग्रुपवरही कळवते. "उद्या याचे बाबा येतील."

बाबा: तिथे काय आलं? अंगठे?

आई: गाजराच्या फुलांचंच उत्तर आहे. "अय्या, तुमची तब्येत बरी आहे ना?"

बाबा: हे कुठल्या डब्यात?

आई: घातक. पण आधी उत्तर देते. (टाइप करत) "माझी उत्तम आहे. ह्यांची उद्या कशी राहते ते कळवते."