लोड घिऊ नको!

आमच्या युसूफ वडगावात कुणी आपलं रडगाणं सांगायला लागलं, की समोरचा फार वेळ ऐकत नाही. "लोड घिऊ नको," म्हणून मोकळा होतो. सोयाबीनला भाव नाही? लोड घिऊ नको. पाहुणे फिरून आलेच नाहीत? लोड घिऊ नको. आणि बहुतेक वेळा हे तोच म्हणतो, ज्याच्याकडं आपली उसनवारी अडकलेली असते.

म्हाताऱ्यांची पंचाईत वेगळी. त्यांना ठाऊक असलेला लोड लग्नाच्या बैठकीत, गादीवर असतो, रेलायला. "घिऊ नको काय, दे की एक इकडं," म्हणतात.

इंग्रजांच्या लोडातही मुळात ओझं नव्हतंच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणं. वाट दाखवणाऱ्या ध्रुवताऱ्याला ते लोडस्टार म्हणतात, तो याच भावकीतला. पुढं वाटेनं जे न्यायचं, त्यालाच वाटेचं नाव चिकटलं. यात नवल ते काय? आपली 'खेप' तेच करते : उसाच्या दोन खेपा म्हणजे फेऱ्याही दोन आणि भरलेल्या ट्रॉल्याही दोन. आमच्याकडच्या रस्त्यांवर तर वाट कुठली आणि ओझं कुठलं, हे अजूनही नीट कळत नाही.

ओझ्याला समानार्थी शब्द पुष्कळ. पण एकाच्या जागी दुसरा ठेवून बघा. बोजा सातबाऱ्यावर चढतो, इतर हक्कांच्या रकान्यात, आणि बँकेच्या दाखल्याशिवाय उतरत नाही. वजन फायलीवर ठेवायचं. भारा कडब्याचा, मोळी उसाची. दसरा झाला की आमच्या केज तालुक्यातली कितीतरी जोडपी उचल घेऊन कारखान्याला निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता'. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या अशाच एका मावशीला मुकादम म्हणाला, "लोड घिऊ नका." ती म्हणाली, "मग तू घी की!"

सरकारी मराठीची तऱ्हाच न्यारी. लोडशेडिंगला 'भारनियमन' म्हणतात. ऐकून वाटावं, कुणी आपलं ओझं हलकं करायलंय. वीजबिलावर 'मंजूर भार' असतो. आमच्या शिवारात तो बहुतेकांचा 3 एचपी, म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॉट. विहिरीत मोटर 5 एचपीची, म्हणजे पावणेचार. मधला दीड किलोवॉट कुठून येतो, हे विचारायचं नसतं. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीला मात्र बिल वाचता येत नाही.

डीपी ऐन उन्हाळ्यात जळाली. सगळे खांबाखाली जमले. जो तो दुसऱ्याकडं बघत विचारायला लागला, "लोड कुणी वाढीवला?" कुणाची मोटर किती, हे सगळ्यांना पाठ; तोंड कुणी उघडेना. तेवढ्यात लाइनमनची मोटरसायकल दिसली. आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "मी तर मोटरीवरची पाटी मागंच खरवडून ठिवलीय. तुम्ही लोड घिऊ नका."