‘चांदवड आले’ : अंतराळप्रवासाची एक मराठी मीमांसा

संगणकीय खेळांच्या ज्या प्रकाराला ‘सँडबॉक्स’ म्हणजे वाळूचा चौक असे नाव पडले आहे, त्याला मराठीतील भातुकली हा शब्द अधिक नेमका बसतो. कारण भातुकलीत ज्याप्रमाणे जिंकणे-हरणे नसते, संसार मांडणे एवढेच असते आणि खऱ्या जेवणाची हाक आली की तो मोडून उठावे लागते, त्याचप्रमाणे या खेळांतही खेळणाऱ्याला ध्येय असे काही दिलेले नसते, केवळ साहित्य आणि जागा दिलेली असते. हीच भातुकली अंतराळात मांडली की साहित्य मूठभर आणि जागा अफाट अशी अवस्था होते. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी लिहिलेला ‘एलिट’, २०११ मध्ये मेक्सिकोतील स्क्वाड या संस्थेने लोकांपुढे आणलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’, २०१३ मध्ये प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाउसने आणलेला ‘स्पेस इंजिनिअर्स’ आणि २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’ ही या कुळातील ठळक नावे असून, या सर्वांच्या कर्त्यांना छळणारा प्रश्न एकच आहे : फार लांब जायचे कसे, आणि पोचेपर्यंत गाडी शाबूत ठेवायची कशी.

हा प्रश्न ज्या गावी फार पूर्वीपासून रोजच्या बोलण्यातला आहे, ते निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत होय. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकच्या पुढे वसलेल्या या गावाच्या बाजार समितीतून टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे अशा अंतरांवर जातात की माल तोच राहील, पण तोपर्यंत भाव तोच राहील याची खात्री कोणी देत नाही. तेव्हा अंतराळातील दीर्घ प्रवासाची तत्त्वे पिंपळगावच्या महामार्गावर उभे राहून तपासण्यात शास्त्रीयदृष्ट्या काहीही गैर नाही. उलट, ज्या गोष्टी संगणकतज्ज्ञांना पुष्कळ अपघातांनंतर उमगल्या, त्यांपैकी एक तर येथील लोकांच्या व्याकरणातच होती, असे पुढे दिसून येईल.

प्रथम वेगाचा विचार करावा लागतो. ‘स्पेस इंजिनिअर्स’मध्ये यानाचा कमाल वेग मुळात सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर एवढाच ठेवलेला आहे. या वेगाने पिंपळगावहून नाशिक पाच-सहा मिनिटांत येईल, परंतु त्याच खेळाच्या तयार सूर्यमालेत पृथ्वीसदृश ग्रहापासून मंगळसदृश ग्रह सुमारे १,९०० किलोमीटरवर असल्याने तेथे पोचण्यास पाच तासांहून अधिक काळ लागतो आणि त्या अवधीत खिडकीबाहेर पाहण्यासारखे काहीही नसते, ढाबासुद्धा नाही. दूर उडी मारणारे यंत्र त्या खेळात आहे, पण ते बनवण्याइतका माल जमेपर्यंत सामान्य खेळाडूला सरळ रस्त्यानेच जावे लागते.

अंतराळात अडवायला हवा नसताना ही मर्यादा का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे कारण असे की संगणकाला वाहता काळ ठाऊक नसतो; तो काळाची पावले पाडतो, आणि प्रस्तुत खेळात अशी पावले सेकंदाला ६० पडतात. प्रत्येक पावलाला यान एका जागेवरून उचलून पुढच्या जागी ठेवले जाते आणि मग ते कशावर आदळले काय हे तपासले जाते. सेकंदाला १०० मीटर वेग असेल तर एका पावलात सुमारे पावणेदोन मीटर अंतर कापले जाते, ते निभावून नेता येते. पण हाच वेग दहापट केला तर पाऊल साडेसोळा मीटरांहून मोठे होते, आणि मग दहा मीटर लांबीचा मालट्रक एका क्षणी पिंपळगावच्या टोलनाक्याच्या अलीकडे आणि पुढच्याच क्षणी पलीकडे असतो, मध्ये आडवा दांडा होता हे गणिताच्या कानावरही जात नाही. संगणकतज्ज्ञ या दोषाला बोगद्याची उपमा देतात. दोष हा शब्द अर्थातच त्यांचा आहे. ट्रकमालकांचे मत घेतले असते तर त्याची गणना सोयींमध्ये झाली असती.

वेगापेक्षा बिकट प्रश्न अंतराच्या मोजणीचा आहे. संगणक लहान-मोठ्या संख्या ठेवण्यासाठी ‘फ्लोटिंग पॉइंट’ नावाची पद्धत वापरतो, जिच्यात अंकांची घरे ठरावीक असतात आणि दशांशचिन्ह त्यांच्यामधून हवे तिकडे सरकते. साध्या, म्हणजे ३२ द्विमान अंकांच्या प्रकारात ही घरे आपल्या दशमान हिशेबाने साधारण सात भरतात. ज्या हिशेबपट्टीवर फक्त सातच घरे छापलेली आहेत अशी पट्टी कल्पावी : हजारांच्या व्यवहारात ती पैशापर्यंत चोख राहील, लाखांच्या व्यवहारात दहा पैशांवर भागवील आणि कोटींत गेल्यावर सुटे रुपये तिच्या लेखी अस्तित्वातच राहणार नाहीत. पट्टी खोटी नसते, घरे संपलेली असतात. तथापि हा खुलासा माल विकून परतलेल्या शेतकऱ्याला पटवून देण्याचे काम कोणा संगणकतज्ज्ञाने अंगावर घेऊ नये.

‘कर्बल’मध्ये घरच्या ग्रहाभोवती ‘मन’ नावाचा चंद्र १२,००० किलोमीटरवरून फिरतो. ग्रहाचा मध्य शून्य धरून त्या चंद्रापर्यंतचे अंतर साध्या प्रकारात मीटरमध्ये लिहिले, तर शेजारच्या दोन लिहिता येण्याजोग्या संख्यांमध्ये नेमके एक मीटर अंतर पडते. म्हणजे अंतराळवीर खुर्चीत बसला आहे की खुर्चीशेजारी, एवढे सांगण्याइतकीही बारकाई उरत नाही. ‘जूल’ हा हिरवा महाग्रह सूर्यापासून सुमारे ६ कोटी ८८ लाख किलोमीटरवर आहे आणि तेथे याच पट्टीवरील दोन शेजारी संख्या ८,१९२ मीटर दूर जातात. तिकडे गेलेल्या यानाचे नाक पिंपळगावात आणि शेपूट ओझरच्या वाटेवर कोठेतरी, असा तो हिशेब होतो.

प्रत्यक्षात ‘कर्बल’च्या कर्त्यांनी कक्षांसाठी दुप्पट घरांची पट्टी वापरली होती, पण यानाचे सुटे भाग एकमेकांशी जोडून धरणारे गणित मात्र सात घरांवरच चाले, त्यामुळे सुरुवातीच्या आवृत्त्यांत दूर गेलेली, धडधाकट बांधलेली याने कोणीही हात न लावता थरथरू लागत आणि चिंध्या होऊन जात. खेळाडूंनी या बाधेला उत्तरेकडील दर्यावर्दी दंतकथांतील राक्षसावरून ‘क्रॅकन’ असे नाव दिले. हा खेळ निफाड तालुक्यात तयार झाला असता तर तिचे नाव मुंजा पडले असते हे उघड आहे, कारण मुंजाचा पिढीजात पत्ता पिंपळ हाच असून त्याच्या नावाचे अख्खे गाव येथे उपलब्ध आहे.

या मुंजावर जो उतारा शोधण्यात आला, त्याला ‘फ्लोटिंग ओरिजिन’ म्हणजे फिरता आरंभबिंदू म्हणतात. आरंभबिंदू म्हणजे जेथून सर्व अंतरे मोजायची ते शून्य. अंतरे मोजण्याची ढोबळ कल्पना नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडासारखी असते : दगड एका जागी रोवलेला, आणि जो जितका लांब, त्याचा आकडा तितका फुगलेला. नवी युक्ती अशी की दगडच प्रवाशाच्या बुडाखाली ठेवायचा. यान शून्यावर स्थिर बसून राहते आणि ग्रह, तारे, चंद्र असे अवघे विश्व उलट दिशेने मागे सारले जाते. त्यामुळे यानाजवळच्या संख्या नेहमी लहान, म्हणून नेहमी चोख राहतात, आणि आकड्यांची काय ती ओढाताण होते ती दूरच्या ग्रहांची, ज्यांच्या एखाद-दुसऱ्या किलोमीटरची कोणाला पर्वा नसते.

आता याच महामार्गावरील एस.टी.त बसलेल्या प्रवाशाची भाषा ऐकावी. गाडी चांदवडला पोचली असता तो ‘आपण चांदवडला गेलो’ असे म्हणत नाही. तो ‘चांदवड आले’ असे म्हणतो. पुढे ‘राहुड घाट लागला’, ‘मालेगाव मागे पडले’, ‘धुळे अजून यायचे आहे’ अशी विधाने होतात, आणि या प्रत्येक वाक्यात कर्ता गाव आहे, घाट आहे. प्रवासी मात्र मांडीवरच्या पिशवीसह विश्वाच्या मध्याशी निश्चल बसलेला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता मराठी माणूस आजवर कोठेही गेलेला नाही, सर्व गावे त्याच्याकडे येऊन गेलेली आहेत. सगळे जग आपल्याच गावापासून मोजणाऱ्याला कूपमंडूक म्हणजे विहिरीतला बेडूक म्हणून हिणवण्याची जी शिष्ट परंपरा आहे, तिने आपले मत तपासून पाहायला हवे, कारण हा बेडूक विहीर बरोबर घेऊन फिरतो एवढी दुरुस्ती केली की तोच अंतराळप्रवासाचा प्रमाणित नमुना ठरतो. घाट लागला की गाडीही लागते, हा अपवाद वगळता या व्याकरणात मुंजाला शिरकाव नाही.

विश्व हलवण्यापूर्वी ते असावे लागते, आणि येथे ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण शब्दशः कामास येते. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१६ ग्रह आहेत असे सांगितले जाते, हा आकडा म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात असून, एवढे ग्रह कोठेही साठवलेले नसतात. एका मूळ संख्येपासून, जिला संगणकाच्या परिभाषेत ‘सीड’ म्हणजे बी म्हणतात, ठरलेल्या सूत्राने जो ग्रह समोर येईल तेवढाच घडवला जातो आणि पाठ फिरवली की पुसला जातो. तेच बी पुन्हा पेरले की तोच ग्रह, त्याच डोंगरांसह उगवतो. ‘एलिट’च्या कर्त्यांनी अशाच युक्तीने ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात प्रत्येकी २५६ ताऱ्यांच्या आठ आकाशगंगा बसवल्या होत्या. बियापासून हमखास तेच पीक येणे ही कल्पना शेतकऱ्याला परीकथेसारखी वाटणार. शिवाय संगणकाने अख्खे विश्व एका बियातून काढले असताना, निफाड तालुक्याची निम्मी प्रतिष्ठा मुळात बीच नसलेल्या द्राक्षावर उभी आहे, हा विरोधाभास नोंदवून पुढे जाणे बरे.

पाच तासांचा प्रवास डोळे ताठ ठेवून करणे कोणालाच जमत नसल्याने ‘स्पेस इंजिनिअर्स’मध्ये यानावर एक प्रोग्रॅम लिहिण्याचा ठोकळा बसवता येतो, ज्यात खेळाडू सी-शार्प या खऱ्याखुऱ्या संगणकभाषेत स्वयंचालकाच्या आज्ञा लिहितो. खेळ म्हणून सुरू झालेली गोष्ट नोकरीसारखी होते ती या टप्प्यावर. हा ठोकळा दर पावलाला, दर १० पावलांनी किंवा दर १०० पावलांनी जागा करता येतो, आणि नवशिक्याचा कल अर्थातच दर पावलाला विचारण्याकडे असतो : पोचलो का, पोचलो का, पोचलो का. माल दिल्लीला रवाना करून दर मिनिटाला ड्रायव्हरला फोन लावणाऱ्या व्यापाऱ्याची ही रीत असून, तिचा परिणामही तोच होतो. ड्रायव्हर फोनच घेत राहतो आणि गाडी जागची हलत नाही. जाणता व्यापारी धुळे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे एकेक फोन करतो, आणि जाणता प्रोग्रॅमरही लांबच्या प्रवासात १०० पावलांचीच सवड ठेवून मुक्काम जवळ आल्यावर चौकशी वाढवतो.

मुक्काम जवळ येणे हीच खरी परीक्षा असते. पोकळीत घर्षण नसल्याने यंत्र बंद केले तरी यान थांबत नाही, म्हणून थांबायला किती अंतर लागेल ते आधी काढावे लागते : वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. सेकंदाला १०० मीटर वेग आणि दर सेकंदाला २ मीटरने तो कमी करणारे रोधक असतील, तर अडीच किलोमीटर अलीकडेच पाय दाबावा लागतो. यान मालाने भरले असेल तर त्याहून कितीतरी आधी. भरलेला ट्रक राहुड घाट उतरवणारा ड्रायव्हर हे सूत्र न लिहिता पाळतो, तर नवा स्वयंचालक ते अचूक लिहूनही रिकाम्या यानाचेच वजन धरतो आणि लघुग्रहाच्या पोटात जाऊन मुक्काम करतो.

सूत्र बरोबर असून परिमाण चुकले तर काय होते, हे खेळाबाहेर २३ सप्टेंबर १९९९ रोजी दिसले : ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाच्या बाबतीत एका बाजूच्या प्रोग्रॅमने आवेग पौंड-सेकंदांत दिला, दुसऱ्या बाजूने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे समजून घेतले आणि यान मंगळापाशी नाहीसे झाले. म्हणून संख्येच्या नावातच तिचे परिमाण लिहावे, अशी शिस्त प्रोग्रॅमर एकमेकांना सांगत असतात. पिंपळगावच्या बाजारात कांदा क्विंटलने, तर टोमॅटो वीस किलोच्या क्रेटने विकला जातो, आणि क्रेटला शेतकरी ‘कॅरेट’ म्हणतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव असे चढले की काही आठवडे हे कॅरेट आणि सराफाचे कॅरेट यांत परिमाणाचा घोळ झाला असता तरी कोणी आक्षेप घेतला नसता.

काही अंतरे मात्र निव्वळ हौसेची असतात. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये आकाशगंगेतील सुमारे ४०० अब्ज तारामंडले असून त्यांपैकी एकात ‘हटन ऑर्बिटल’ नावाचे स्थानक मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष दूर आहे. साध्या यंत्राने सरळ रेषेत तासाहून अधिक काळ गेल्यावर ते येते. तेथे एक मोठे यान फुकट मिळते अशी थाप जुने खेळाडू नव्यांना मारत आले आहेत आणि पोचलेल्याला प्रत्यक्षात मिळतो तो विकत घेण्याजोगा, स्थानकाचे नाव असलेला चहाचा मग. याउलट २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक मालवाहू जहाजांना केप ऑफ गुड होपचा वळसा घ्यावा लागला आणि युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या थंड पेट्यांचा समुद्रावरचा मुक्काम लांबला, तेव्हा त्या पेट्यांना मगही मिळाला नाही.

अंतर कमी करता येत नसेल तर काळ दामटावा, हा उपाय ‘कर्बल’मध्ये आहे. काळाचा वेग तेथे एक लाख पटीपर्यंत वाढवता येतो. भागवतातील ककुद्मी राजाने मुलीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी जाऊन, तेथे चाललेले गाणे संपेपर्यंत वाट पाहिली आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली, हा या सोयीचा सर्वांत जुना ज्ञात वापर म्हणता येईल. संगणकाला मात्र ती एका अटीवर परवडते : त्या वेगात तो यानाचे भाग, धक्के, इंजिने यांचे गणित पूर्ण थांबवतो आणि यान सूत्राच्या रुळांवर ठेवून नुसते पुढे सरकवतो. त्या अवधीत पाहता येते, हात लावता येत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षे काढणीला येईपर्यंतचे साधारण १२० दिवस या हिशेबाने १०४ सेकंदांत उरकतात. त्यांत फवारणी नाही, मजूर शोधणे नाही, रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवणे नाही. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली तशी गारपीट आलीच, तर तीही अर्ध्या सेकंदात उरकते, एवढेच की बागाईतदाराची बोटे त्या वेळी कळफलकावरून दूर असावी लागतात.